धूळपाटीवर मावलेले आकाश

तिथी आणि ग्रहणे सांगणाऱ्या मिरजगावसारख्या गावच्या जोश्यापाशी वेधशाळा नसे. धूळपाटी आणि पाठांतर एवढ्यावर त्याचे गणित चाले. ते चालू शकले, याचे मोठे श्रेय कोकणात मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांना आहे.

त्यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रहगणिताचा ग्रंथ शके 1442 म्हणजे इसवी सन 1520 पासून गणित धरतो. काही जुन्या ग्रंथांच्या रीतीने ग्रह काढायचा तर कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजावे लागत, आणि ते 16 लाख 87 हजारांवर गेले होते. गणेशांनी 11 वर्षांचे, 4016 दिवसांचे चक्र धरले. चक्रे किती झाली ते मोजायचे, उरलेल्या दिवसांचेच गणित करायचे.

त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे त्यांनी ज्या, म्हणजे साइन, पूर्ण टाळली. सूर्याचे मंदफल, म्हणजे सरासरी गतीने येणाऱ्या स्थानात करायची दुरुस्ती, घ्या. मंदोच्चापासूनच्या, म्हणजे सूर्य सर्वांत मंद चालतो त्या बिंदूपासूनच्या, भुजाच्या (90 अंशांच्या आत आणलेल्या कोनाच्या) अंशांना 9 ने भागा. ही संख्या 20 मधून वजा करून बाकीला तिनेच गुणा. गुणाकाराचा नववा भाग 57 मधून वजा करा आणि उरेल त्याने गुणाकाराला भागा. भुज 90 अंश असेल तर 10, मग 100, आणि शेवटी 2 अंश 11 कलांच्या (60 कला म्हणजे 1 अंश) आत-बाहेर उत्तर येते. 'सूर्यसिद्धांत' या जुन्या ग्रंथाच्या रीतीने ज्या वापरून येणाऱ्या उत्तराशी यात एका कलेचाही फरक नाही! आकडेमोडीचा असाच भार हलका करणारे नेपियरचे लॉगॅरिदम युरोपात 1614 साली आले.

सोपेपणासाठी गणेशांनी आकाशाकडे पाठ मात्र फिरवली नाही. चंद्र सूर्यसिद्धांताचा घेतला, पण 9 कला कमी करून. शनी आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचा, त्यात 5 अंश मिळवून. वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत. पुढच्या गणकांनी ग्रह-नक्षत्रांच्या युती आणि उदयास्त पाहून नवे ग्रंथ करावेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. मला या घराण्याचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या सूत्रांहूनही मोठा वाटतो.

पुढच्या पिढ्यांनी सूत्रे घोकली, वेध सोडले. तीनशे वर्षांत पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत अंतर पडत गेले. अखेर गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' 1860 साली मराठीत छापली, आणि त्यांवरून नवे पंचांग निघू लागले.