आजोबा ठणठणीत, नातू गायब

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटं घोंघावू लागतात ना, आजची गोष्ट त्यांची. नाक मुरडू नकोस, धाकटे! या चिलटांनी शास्त्रज्ञांना जेवढं शिकवलंय, तेवढं वाघसिंहांनीही शिकवलेलं नाही.

गोष्ट स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातली, १९४० सालच्या हिवाळ्यातली. दुसरं महायुद्ध पेटलेलं. तिथल्या एका संशोधन संस्थेत शार्लट आउअरबाख नावाच्या बाई चिलटं पाळायच्या. मूळच्या जर्मनीच्या, बर्लिनमध्ये शिक्षिका होत्या. ज्यू म्हणून १९३३ साली हिटलरच्या राजवटीत नोकरी गेली आणि त्या इथं आल्या. एडिंबऱ्यात त्यांना हर्मन मुलर भेटले. क्ष-किरणांनी चिलटांच्या जनुकांत बिघाड होतो, हे १९२७ साली दाखवणारे ते हेच. जनुक काय काम करतं हे समजून घ्यायचं असेल, तर ते बिघडल्यावर काय होतं ते बघा, असं त्यांनी बाईंना पटवलं.

आता मस्टर्ड गॅस. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन सैन्यानं तो शत्रूवर सोडला होता. भारी कपटी विष! लागतं तेव्हा कळतही नाही. काही तासांनी कातडीवर टरारून फोड येतात. जखमा भरता भरत नाहीत, भरल्याशा वाटल्या की पुन्हा चिघळतात. एडिंबऱ्यातले औषधशास्त्रज्ञ क्लार्क आणि रॉबसन यांच्या मनात आलं, अशा हट्टी जखमा तर क्ष-किरणांनी भाजल्यावर होतात. मग हा गॅस जनुकांनाही तसाच भाजत असेल का? तोवर कितीतरी रसायनं तपासून झाली होती, पण ठाम पुरावा कुणाच्या हाती लागला नव्हता.

औषधशास्त्र विभागाच्या गच्चीवर प्रयोग सुरू झाले. उघड्या भांड्यात द्रवरूप मस्टर्ड गॅस तापवायचा आणि त्याची वाफ चिलटांना द्यायची. आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असं करू देणार नाहीत. बाईंचे हात भाजले, फोड आले. पण जनुकांचं काय झालं, हे त्या फोडांवरून कसं कळणार?

इथं मुलरची युक्ती कामाला आली. नीट ऐका हं, गोष्टीचा गाभा इथंच आहे. गॅस द्यायचा नराला, म्हणजे या कुटुंबातल्या आजोबाला. जो वाचला तो मजेत उडतोय. त्याच्याकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि ते त्याच्या प्रत्येक लेकीला मिळतं. लेकीला दुसरं एक्स तिच्या आईकडून येतं. लेक धडधाकट, कारण एक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. मुलरनं आईकडचं एक्स मुद्दाम असं निवडलं होतं, की ते ज्या मुलाच्या वाट्याला येईल तो जगतच नाही. म्हणजे लेकीच्या मुलग्यांत जगतील ते फक्त आजोबाचं एक्स मिळालेले. आणि त्या एक्समध्येच जीवघेणा बिघाड असेल तर? तर त्या लेकीच्या बाटलीत एकही नर नाही, सगळ्या माद्याच!

तर बाई एकेक बाटली उचलून नातू शोधायच्या. गॅस न दिलेल्या घराण्यांत बिननातवांची बाटली शेकड्यांनी तपासावी तेव्हा एखादी सापडे. गॅसवाल्यांत मात्र अशा बाटल्या एकामागून एक निघू लागल्या. रसायनानं जनुकं बिघडतात, याचा खणखणीत पुरावा १९४१ साली हाती आला. मुलर तोवर अमेरिकेत परतले होते. त्यांनी अभिनंदनाची तार केली.

पण युद्ध चालू, मस्टर्ड गॅस हे शस्त्र; तेव्हा तोंडाला कुलूप! सगळं उघडपणे छापून आलं ते १९४६ साली. गंमत अशी, की त्याच वर्षी रशियात योसिफ रापोपोर्ट यांनी फॉर्मॅल्डिहाइडचाही असाच पराक्रम प्रसिद्ध केला. एकीला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

बाईंना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली, आणि मला तीच सगळ्यात आवडते. क्ष-किरणांचा घाव बहुधा तिथल्या तिथं पडतो. गॅसचा घाव कधी कधी दबा धरून बसे आणि पेशींच्या काही विभाजनांनंतर उठे. मग एकाच चिलटाच्या अंगात काही भाग बदललेला, काही पहिल्यासारखा.

असं का, हे तेव्हा सांगणार कोण? जनुकं ज्याची बनलेली असतात त्या डीएनएची रचना उलगडली १९५३ साली. हा गॅस पेशीला कसा अडवतो, ते पुढं कळलं. मस्टर्डच्या रेणूला दोन हात असतात. एका हातानं तो डीएनएचा एक धागा पकडतो, दुसऱ्यानं दुसरा. पुस्तकाची दोन पानं डिंकानं चिकटावीत तसे ते धागे चिकटतात. नक्कल करायला उलगडणार कसे? ज्या पेशी भराभर वाढतात त्यांची सगळ्यात जास्त पंचाईत होते.

आणि भराभर वाढतो तो कर्करोग! १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात या गॅसचा एक चुलतभाऊ, नायट्रोजन मस्टर्ड, एका रुग्णाच्या शिरेतून दिला. गाठी विरघळल्या, पण पुढं पुन्हा आल्या. त्याच घराण्यातलं सायक्लोफॉस्फामाइड आजही आपल्याकडच्या रुग्णालयांत देतात. ते सलाइनमध्ये मिसळताना नर्स हातमोजे घालतात. या औषधानं बरा झालेला माणूस एरवी ठणठणीत असला तरी डॉक्टर त्याला पुढं वर्षानुवर्षं तपासायला बोलावतात, कारण एका कर्करोगावर दिलेलं हे औषध क्वचित पुढं रक्ताचा कर्करोग उभा करू शकतं.