तालुक्यात न्यायालय कसे उभे राहते?

स्थापना : महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांचा पाया १८६९च्या दिवाणी न्यायालये कायद्याने घातला. फौजदारी बाजूला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू होते. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकार अधिसूचना काढते आणि दंडाधिकारी न्यायालय स्थापन करते.

एक खुर्ची, दोन अधिकार : तालुक्यात बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून काम पाहतो. बांधाचा वादही त्याच्यापुढे, मारहाणीचा खटलाही त्याच्यापुढेच.

निवड : या न्यायाधीशपदासाठी महाराष्ट्रात लोकसेवा आयोग पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत घेतो. घटनेच्या कलम २३४नुसार नेमणूक राज्यपाल करतात.

अनुभवाची अट : या पदासाठी किमान ३ वर्षांची वकिली हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला.

जिल्हा न्यायाधीश : कलम २३३नुसार उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल नेमतात. वकिलांतून थेट निवड होताना किमान ७ वर्षांची वकिली लागते.

नियंत्रण : कलम २३५नुसार तालुक्यातील न्यायाधीशांची बदली, बढती, रजा यांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, सरकारचे नव्हे. न्यायाधीशाच्या निर्भयतेची ही खरी हमी.

का महत्त्वाचे? न्यायालय जवळ आले की तारखेसाठी बुडणारी मजुरी आणि एसटीचा खर्च वाचतो. मात्र इमारत, कर्मचारी आणि न्यायाधीश तिन्ही वेळेवर मिळाले, तरच अधिसूचनेतले न्यायालय पक्षकाराला खरोखर लाभते.