ठिपक्यांची रांगोळी : गुप्तवार्ता विश्लेषकाचे काम

बंगळुरू शहरातून विमानतळाकडे जाताना हेब्बाळचा उड्डाणपूल लागतो. त्याच्या अलीकडे, बळ्ळारी रस्त्यावरील गंगानगरात केंद्रीय अन्वेषण विभागाचे कार्यालय आहे. बँकांच्या फसवणुकींचा तपास करणारी शाखाही तेथेच आहे. मात्र तपास बहुधा गुन्हा घडल्यावर सुरू होतो. गुन्ह्याची चाहूल आधीच घेणारे काम निराळे. ते गुप्तवार्ता विश्लेषकाचे. आणि त्याची सुरुवात अनेकदा आपल्यासारख्या एखाद्या बँकेच्या शाखेतच होते.

बातमी आणि बोध

‘गुप्तवार्ता’ म्हटले की बहिर्जी नाईकांच्या कथांवर वाढलेल्या मराठी मनासमोर वेषांतर केलेला हेर उभा राहतो. परंतु हेराने आणलेली बातमी ही केवळ कच्ची सामग्री होय. ती पारखणे, इतर बातम्यांशी ताडून पाहणे आणि तिचा अर्थ योग्य अधिकाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचवणे, हे विश्लेषकाचे कर्तव्य. अंगणातले ठिपके सर्वांनाच दिसतात. रांगोळी मात्र ते जोडल्यावरच उमटते.

हे जोडकाम राहून गेले तर काय होते, याचा अनुभव मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ रोजी घेतला. दाऊद गिलानी हे नाव २००६ मध्ये बदलून डेव्हिड हेडली झालेला अमेरिकी नागरिक हल्ल्यापूर्वी पाच वेळा मुंबईत येऊन पाहणी करून गेला होता. त्याचा व्हिसा, विमानप्रवास, हॉटेलातील मुक्काम या साऱ्यांच्या नोंदी होत्या. पण प्रत्येक नोंद आपापल्या दप्तरात निरुपद्रवी दिसत होती. समुद्रमार्गे हल्ला होण्याचे इशारेही आले होते. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने गुप्तवार्तेच्या हाताळणीतील उणिवांवर बोट ठेवले. विखुरलेल्या नोंदी अधिकृत यंत्रणांना एकत्र पाहता याव्यात, यासाठी ‘नॅटग्रिड’ची कल्पना पुढे आली. तिच्या बंगळुरूमधील संकुलाचे उद्घाटन ३ मे २०२२ रोजी झाले.

बँकेच्या खिडकीपासून

आर्थिक व्यवहारांच्या बाबतीत हेच काम ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट – इंडिया’ हा केंद्र सरकारचा विभाग करतो. त्याची स्थापना १८ नोव्हेंबर २००४ रोजी झाली, तर काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्यानुसार १० लाख रुपयांहून अधिक रकमेच्या रोख व्यवहारांचा अहवाल बँकांना या विभागाकडे पाठवावा लागतो. एकाच महिन्यातील परस्परसंबंधित लहान रोख व्यवहारांची बेरीज ही मर्यादा ओलांडत असेल, तर त्यांचाही अहवाल द्यावा लागतो. संशयास्पद व्यवहाराला मात्र रकमेची मर्यादा नाही. तो पूर्ण झाला नाही, केवळ प्रयत्न झाला, तरीही तो कळवावा लागतो. हा विभाग स्वतः गुन्ह्याचा तपास करीत नाही. अहवालांचे विश्लेषण करून तो निष्कर्ष तपास यंत्रणांकडे सोपवतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हेब्बाळच्या एखाद्या शाखेत एका विद्यार्थ्याचे बचत खाते आहे. वर्षभर त्यात घरून येणारे पैसे तेवढे जमा होत असत. अचानक एका आठवड्यात चाळीस जणांकडून रकमा आल्या. विद्यार्थ्याने आपले खाते भामट्यांना वापरू दिले असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. पण तो वर्गाच्या सहलीची वर्गणी गोळा करीत असला तर? ठिपके तेच, रांगोळ्या दोन!

येथे विश्लेषकाची खरी कसोटी लागते. रकमा सारख्याच आहेत काय? पाठवणारे एकाच गावचे आहेत की निरनिराळ्या राज्यांतले? पैसे प्रवासी कंपनीला गेले, की जमा होताच काही मिनिटांत दूरच्या एटीएममधून निघाले? दोन्ही शक्यता शेजारी मांडून, प्रत्येकीच्या विरोधात काय जाते हे तो पाहतो. आवडत्या तर्काला पूरक पुरावे शोधत बसणे, हा या व्यवसायातील सर्वांत मोठा दोष मानला जातो. माहिती देणारा किती विश्वासार्ह आणि त्याची माहिती किती संभाव्य, यांची प्रतवारीही म्हणूनच स्वतंत्रपणे केली जाते. घाईने काढलेल्या निष्कर्षामुळे निरपराध मुलाचे खाते गोठू शकते. दिरंगाई झाली तर एखाद्या निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी हातची जाते.

आपला वाटा

संगणक लाखो व्यवहारांतून वेगळा व्यवहार क्षणात निवडून देतो. ‘म्यूल’ म्हणजे भाड्याने दिलेली खाती ओळखण्यासाठी बंगळुरू येथील रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली विकसित केली आहे. तरीही ग्राहकाचा चेहरा, त्याची घालमेल, शेजारी उभे राहून सूचना देणारी अनोळखी व्यक्ती, हे सारे दिसते ते खिडकीमागील कर्मचाऱ्यालाच. त्याने केलेली नेमकी नोंद विश्लेषकाच्या हाती मोलाची ठरते. असा अहवाल पाठवल्याचे ग्राहकाला सांगण्यास कायद्याने मनाई आहे, हेही त्याने ध्यानी ठेवावे. संशय हा आरोप नव्हे. त्याची वाच्यता होणे दोन्ही बाजूंनी घातकच.

आणि ग्राहकहो, आपल्यापुढे ‘केवायसी’चा कागद येईल किंवा मोठ्या रकमेचे प्रयोजन विचारले जाईल, तेव्हा त्यात अविश्वास मानू नये. आपली खरी माहिती अद्ययावत असेल, तर संशयाचे निरसन लवकर होते. आपले खाते, एटीएम कार्ड वा सिमकार्ड कोणाच्याही विनंतीवरून वापरण्यास देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. आपण वेळीच दिलेली ती खबर हाही एक ठिपकाच असतो, आणि कित्येकदा रांगोळी त्याच एका ठिपक्यासाठी अडलेली असते.