लोहाची गोळी : कशी घ्यावी व कशी घेऊं नये

सरकारी व अनुदानित शाळांतून आठवड्यांतून एके दिवशीं, दुपारच्या जेवणानंतर, मुलामुलींच्या हातीं एक निळी गोळी दिली जाते. कोणी ती मुकाट्यानें गिळतो, कोणी चघळून तोंड वेडेंवाकडें करतो, तर कोणी शिक्षकांची पाठ वळतांच ती खिडकीबाहेर भिरकावतो. या शेवटच्या मंडळींना कारण विचारावें, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें : "गोळीनें मळमळतें, शौचास काळें होतें, आणि आई म्हणाली, असलें औषध नको." आईची भीति अगदींच निराधार आहे असें नाहीं, परंतु ज्या गोष्टीला भ्यावयाचें ती ही नव्हे, आणि जिला खरोखर भ्यावयास हवें तिच्याकडे घराघरांत दुर्लक्ष होतें. म्हणून हा विषय मुलांबरोबर पालकांनींही वाचावा अशी विनंती आहे.

मोठ्या माणसाच्या सर्व शरीरांत लोह असतें अवघें तीन-चार ग्रॅम. म्हणजे एखाद्या खिळ्याएवढें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश भाग रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यांत असतो, व तेंच द्रव्य फुप्फुसांतील प्राणवायु अंगभर पोंचवितें. लोह कमी पडलें कीं हिमोग्लोबिन उणें होतें. मग जिना चढतांना धाप लागते, चेहरा फिका पडतो, धड्यांत लक्ष लागत नाहीं, आणि घरचीं माणसें मात्र "पोर आळशी झाली" म्हणून बोल लावतात. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या रक्तांत हें द्रव्य कमी आढळलें. अर्ध्याहून अधिक मुली आळशी असतील, हें संभवनीय दिसत नाहीं.

रक्तक्षयावर लोह देण्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. आयुर्वेदांत पांडुरोगावर लोहभस्म व मंडूर सांगितलें आहे. आपल्या ओवे गांवाहून जवळच असलेल्या पनवेलींत कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, तेव्हांपासून तर भस्में हा शब्द या तालुक्यांत घरोघरीं परिचयाचा आहे. तिकडे फ्रान्समध्यें ब्लो नांवाच्या वैद्यानें १८३२ सालीं लोहाच्या गोळ्या प्रसिद्धीस आणल्या. आजची गोळी ही त्यांचीच सुधारलेली वंशज होय.

परंतु निळ्या गोळीत केवळ लोह नसतें. तिच्यांत साठ मिलिग्रॅम लोह व पांचशें मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें, आणि या दुसऱ्या द्रव्याचा इतिहास आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या घोर रक्तक्षयाचें कारण शोधणें हें त्यांचें कार्य होतें. लोहाच्या अभावीं रक्तांतील तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी तर उलट नेहमींहून मोठ्या दिसत. म्हणजे हा रोग निराळाच होता. बाईंनीं आहाराचा माग धरला, आणि अखेर यीस्टच्या अर्कानें, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाच्या साध्या अर्कानें, त्या स्त्रिया सुधारतात असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांत नेमकें काय होतें याचा उलगडा पुढें दहा वर्षांनीं झाला. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें.

ही हकीकत विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, फिका चेहरा दिसला म्हणजे लोहच कमी, असें मानून चालत नाहीं. थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार वंशपरंपरेनें ज्यांच्यांत असतो, त्यांच्याही पेशी लहान व फिक्या असतात. त्यांना लोहाची उणीव नसतां महिनोन् महिने लोह देत राहणें व्यर्थ, किंबहुना अपायकारक आहे. कारण शरीरांत शिरलेलें जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें केलेली नाहीं. आठवड्याची शाळेंतील गोळी ही प्रतिबंधासाठीं आहे. रोज घ्यावयाची मात्रा मात्र रक्त तपासून डॉक्टरांनींच ठरवावी. शेजारणीला गुण आला म्हणून तिची बाटली उसनी आणूं नये. वैद्यांचें भस्म चालू असल्यास तेंही डॉक्टरांना सांगावें. पोटांत जंत असतील तर कितीही लोह घेतलें तरी गळक्या घागरींत पाणी भरण्यासारखें होतें, म्हणून वर्षांतून दोनदां मिळणारी जंतांची गोळीही चुकवूं नये.

आतां घेण्याची रीत. रिकाम्या पोटीं लोह अधिक शोषलें जातें हें खरें, पण मळमळही अधिक होते. म्हणून शाळेंत ती जेवणानंतर देतात, व तेंच मुलांना सोईचें आहे. गोळी चावूं नये, पाण्याबरोबर सबंध गिळावी. बरोबर लिंबाचें सरबत, आवळा किंवा पेरू असल्यास उत्तम, कारण त्यांतील क जीवनसत्त्व लोहाला रक्तांत नेण्यास साह्य करतें. चहा मात्र वैरी आहे! आपल्याकडे जेवण झालें कीं चहाचें आधण चढतें, आणि त्यांतील टॅनिन लोहाला आंतड्यांतच अडकवून ठेवतें. गोळीच्या मागेंपुढें निदान तासभर चहा, दूध व आम्लपित्ताचें औषध टाळावें. शौचाचा रंग काळा होणें यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. न शोषलेलें लोह बाहेर पडतें, इतकाच त्याचा अर्थ. परंतु तो डांबरासारखा चिकट असेल, किंवा पोटांत तीव्र वेदना असतील, तर दवाखाना गांठावा. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी व भाजीपाला वाढवावा. फारच त्रास झाल्यास औषध परस्पर न सोडतां डॉक्टरांना सांगावें. अलीकडील प्रयोगांत असें दिसलें आहे कीं, एक दिवसाआड घेतलेल्या गोळींतील लोह रोजच्यापेक्षां अधिक प्रमाणांत शोषलें जातें, तेव्हां तोही मार्ग त्यांना सुचवितां येतो. हुशारी कांहीं आठवड्यांत वाटूं लागते, पण शरीराचें कोठार भरावयास पुढेंही सुमारें तीन महिने लागतात. बहुतेक जण नेमके याच वेळीं बाटली बाजूस ठेवतात.

आणि ती बाटली कोठें ठेवतात, हाच खरा भिण्याचा विषय आहे. गोळीला वर साखरेचा लेप असतो, रंग मोहक असतो, आणि घरांत रांगतें किंवा नुकतेंच चालूं लागलेलें मूल असतें. दहा किलो वजनाच्या मुलानें अशा तीन-चार गोळ्या खाल्ल्या तर विषबाधेचीं लक्षणें दिसूं लागतात. दहा खाल्ल्या तर जीव धोक्यांत येतो. फसवणूक अशी कीं, आरंभींच्या उलट्या व जुलाब थांबून कांहीं तास मूल बरें दिसतें, आईबाप निश्चिंत होतात, आणि आंत यकृत बिघडत असतें. तेव्हां मुलानें गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटींत न पडतां, उरलेल्या गोळ्यांसह त्याला तडक मोठ्या रुग्णालयांत न्यावें, आणि किती गोळ्या कमी आहेत तें मोजून डॉक्टरांना सांगावें. एरवीं ती बाटली, झांकण घट्ट लावून, कुलपाच्या कपाटांत असावी. देव्हाऱ्याच्या फळीवर अथवा आईच्या उशापाशीं नव्हे.