काळ्या पडद्याची सक्ती

लिनक्सची १.० आवृत्ती मार्च १९९४ची आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच वर्षीच्या सप्टेंबरातलं. तेव्हापासूनचा लिनक्सचा प्रवास नांदेड-लातूरकडून पाहिला, तर दिशा बरोबर होती, पण सुधारणा ऐन अडचणीच्या जागी येऊन थांबली, असं माझं मत आहे. केडीई हा माउसवर चालणारा डेस्कटॉप १९९८ला आला, ग्नोम १९९९ला. २००४च्या उबुंटूनंतर पत्र लिहिणं, इंटरनेट पाहणं, प्रिंट काढणं माउसवर होऊ लागलं. मशीन बिघडलं की मात्र कमांड लाइनशिवाय गत्यंतर नसे, आणि मराठवाड्यात बिघडायला लोडशेडिंग पुरेसं होतं. चालू मशीनची वीज गेली की डिस्कवरचं लिहिणं अर्धवट राहतं. फाइल सिस्टिम ईएक्सटी२ असेल तर पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासावी लागे. २००१अखेर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आलेल्या ईएक्सटी३च्या जर्नलमुळे हा त्रास बराच घटला, पण संपला नाही. मशीन मधूनच काळ्या पडद्यावर अडून बसायचं: ‘रन एफएससीके मॅन्युअली’. डिस्क तपासणारी ही कमांड कुठल्या पार्टिशनवर चालवायची, प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ दाबायचं का, हे सांगणारं जवळपास क्वचितच कोणी असे. एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमानं गावोगाव संगणक पोचवला तो मुख्यतः विंडोजसह, आणि दुरुस्तीवालेही त्यातच तयार झाले. त्यात मराठी वापरणाऱ्याची अडचण दुहेरी. ग्नोमचा मराठी अनुवाद आहे, लोहित फॉन्ट आहे. पण लिनक्सच्या मूळ कन्सोलवर फार तर ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळत नाहीत. सगळं सुरळीत असताना मराठी, आणि घाम फुटतो तेव्हा इंग्रजी.

जाणकार म्हणतात, कमांड नेमकी असते; एक ओळ पाठवली की काम भागतं. मदत करणाऱ्याच्या बाजूनं हे खरंच आहे. पण न समजता पेस्ट केलेली ओळ ‘सुडो’नं मिळणाऱ्या प्रशासकाच्या अधिकारानं चालली, तर तिथली चूक सगळ्या मशीनला भोवते. मग शिकून घ्यायला काय हरकत, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी शिकलंच पाहिजे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. पण लातूरच्या आडतीत तुरीचा हिशेब लिहिणाऱ्यावर ती सक्ती कशासाठी? त्याच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतो, एकही कमांड न लिहिता. तिथं कंपन्यांनी मालकाचे बरेच अधिकार काढून घेतले, हे मान्य. पण बटण द्यायचं म्हणून टर्मिनल काढून टाकावं लागत नाही. बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं की काम होतं: डेबियननं जून २०२३च्या १२व्या आवृत्तीत बऱ्याच वायफाय कार्डांचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं आणि एक जुनी डोकेदुखी गेली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ न पेलणारी मशीन्स आता लिनक्सकडे येऊ शकतात. त्यांच्यासाठी डिस्कदुरुस्तीचा मराठी पडदा आणि त्यावर एक बटण, हे काम सगळ्यांत आधी हाती घ्यायला हवं.