बर्नआउट

बर्नआउट म्हणजे कामाचा ताण दीर्घकाळ टिकून राहिल्याने व त्याचे योग्य व्यवस्थापन न झाल्याने निर्माण होणारी अवस्था होय. साधा थकवा पुरेशा झोपेने किंवा सुटीने भरून निघतो. बर्नआउटमध्ये मात्र कामाची परिस्थिती तीच राहिल्यास सुटीचा लाभ फार काळ टिकत नाही. त्यामुळे विश्रांती ही कार्यशिस्तीतून मिळणारी सूट नसून त्या शिस्तीचाच एक भाग मानली जाते.

संकल्पना

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांतील सेवकांच्या अवस्थेचे वर्णन करताना ही संज्ञा वापरली. पुढे क्रिस्टिना मास्लॅक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केली आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत :

• शक्ती संपल्याची भावना
• कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता
• कार्यक्षमता घटणे

कामाचे तास आणि उत्पादन

अधिक तास म्हणजे अधिक काम, हा समज एका मर्यादेपर्यंतच खरा ठरतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांत कामगारांना दीर्घ पाळ्या कराव्या लागत. त्या काळच्या नोंदींचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेंकावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा विश्लेषण केले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. त्यापुढे वाढ मंदावत गेली. ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे अधिक नव्हते.

भारतात हा प्रश्न गिरणी कामगारांच्या चळवळीत पुढे आला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या निश्चित वेळा यांची मागणी केली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती निश्चित केली.

मोबाइल व ई-मेलमुळे काम घरापर्यंत पोहोचल्याने या मर्यादा पुन्हा पुसट झाल्या. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात समाविष्ट आहे.

कारणे

मास्लॅक व मायकेल लायटर यांनी बर्नआउटची कारणे सहा क्षेत्रांत मांडली आहेत : कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांपैकी बोजा हे केवळ एक क्षेत्र आहे. त्यामुळे माफक तास काम करणाऱ्या व्यक्तीलाही बर्नआउट होऊ शकतो.

टिकाऊ कार्यशिस्त

मनोनिग्रहावर सर्वस्वी विसंबण्याऐवजी दिनक्रमाची रचना बदलणे अधिक उपयुक्त ठरते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार, ‘अभ्यास करीन’ अशा मोघम संकल्पापेक्षा ‘सकाळी चहा झाल्यावर पहिले प्रकरण वाचीन’ असा वेळेशी बांधलेला संकल्प तडीस जाण्याची शक्यता अधिक असते. फ्रान्सिस्को चिरिलो यांच्या पोमोडोरो पद्धतीत २५ मिनिटे एकाग्र काम व त्यानंतर पाच मिनिटांची विश्रांती असते. अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती घेतली जाते. काम संपविण्याची वेळ आधीच ठरविणे आणि त्यानंतर मनानेही कामापासून अलग होणे हे शक्ती भरून येण्यासाठी आवश्यक असते.

मर्यादा

वैयक्तिक सवयी उपयुक्त असल्या, तरी अपुरे मनुष्यबळ, अवास्तव मुदती किंवा अन्यायकारक वागणूक यांवर त्या उपाय ठरत नाहीत. अशा वेळी दोष व्यक्तीच्या आळसाला देणे चुकीचे असून संस्थेने कामाची रचना बदलणे आवश्यक असते. बर्नआउट व नैराश्य यांची काही लक्षणे सारखी असतात. म्हणून उदासी किंवा निद्रानाश दीर्घकाळ टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे योग्य ठरते.