भीमेचे पाणी हिरवे, समुद्राचे निळे

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. उन्हाळ्यात तिच्या डोहात साचलेले पाणी पुष्कळदा हिरवट दिसते. हा रंग कशाचा? त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की उत्तर मिळते. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसलेले, पाणी नेईल तिकडे जाणारे असंख्य सूक्ष्मजीव त्यात दिसतात. यांनाच प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांच्यावर जगणारे ते प्राणिप्लवक. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रातील वनस्पतिप्लवक करतात.

मग समुद्रात प्लवक सगळीकडे सारखेच असतात काय? नाही. त्यांना प्रकाश हवा आणि नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी खतेही हवीत. प्रकाश वरच्या थरात असतो. मेलेले जीव मात्र तळाकडे जातात व त्यांच्याबरोबर खतेही खोल अंधारात जातात. भर समुद्रात वरचे कोमट, हलके पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. दोन्ही सहसा मिसळत नाहीत. म्हणून तेथे प्लवक विरळ आणि पाणी गर्द निळे. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असतो, लाटा तळ ढवळतात, नद्या खते आणतात. म्हणून तेथे प्लवक दाट.

आकारातही फरक पडतो. शरीर जितके लहान, तितका आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. त्यामुळे विरळ खतेही शोषून घेता येतात. भर समुद्रातील प्रोक्लोरोकॉकस हा जीव मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे. त्याची ओळख जगाला 1988 साली झाली.

भीमेचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी याही तेथेच जातात. तेव्हा हा समुद्र अरबी समुद्राहून हिरवा असेल, असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते आणि खालची खते वर येऊ देत नाही. अरबी समुद्रात मात्र नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया, ओमानच्या किनाऱ्यांवरचे पाणी दूर लोटतात आणि खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते.

हेच नियम आपल्या दाराशीही लागू पडतात. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि वाहते पाणी थांबले. गाळ खाली बसला, प्रकाश आत शिरू लागला. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेली खते मिळाल्यावर नीलहरित शैवाले माजतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते. कुजणाऱ्या शैवालामुळे प्राणवायू आणखी घटतो आणि मासे गुदमरतात. काही शैवाले विषारीही असतात. या जलाशयावर मच्छिमारांचे पोट आणि सोलापूरचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे, हे विसरून चालणार नाही.

शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. पांढऱ्या ताटलीला वजन व खुणा केलेली दोरी बांधून ती पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवा. इटलीच्या सेक्की यांनी 1865 साली समुद्रावर हीच पद्धत वापरली. विहीर, कालवा, नदी यांच्या नोंदी दरमहा ठेवा. पावसाळ्यात गाळामुळेही खोली घटते, म्हणून पाण्याचा रंगही लिहा. हिरव्या सायीला मात्र हात लावू देऊ नका. वर्षअखेरीस या नोंदींचा आलेख काढला, तर आपले पाणी कधी व कोठे हिरवे होते, हे विद्यार्थी स्वतःच सांगू शकतील.